शेप्या आंब्यावरचं बांडगूळ

झाडावर माणूस होता. आंब्याच्या झाडावर, भर डिसेंबरात, जेव्हा कैरी सोडाच, मोहोराचा तुराही आलेला नसतो. आणि झाड तरी कुठलं? तर बांधावरचा शेप्या! अख्ख्या कुरुंदा गावात त्या झाडाला हात लावायची कुणाची बिशाद नव्हती. मोहिनीने स्कूटी रस्त्यालाच लावली, दवाने ओल्या हळदीच्या पानांतून वाट काढत ती झाडाखाली पोचली आणि कमरेवर हात ठेवून ओरडली,

"कोण हाय वर? उतरा खाली!"

आधी थोडा पाला खाली आला. मग आवाज आला. आवाज गोड होता हे तिने पुढे कबूल केलं, त्या घडीला मात्र तिला नुसता राग आला.

"उतरतो ना. एवढी फांदी मोकळी करू द्या."

"फांदी तोडून राहिले तुमी? माझ्या बाबांचं झाड हाय हे!"

"अर्धं."

"काय अर्धं?"

"अर्धं तुमच्या बाबांचं, अर्धं माझ्या आबाचं. मी माझ्याच अर्ध्यात बसेल हाय... पाहून घ्या."

एवढ्यावरून तिला तो कोण ते कळायला हवं होतं. पण तिचं लक्ष गेलं त्याच्या हाताकडे. जाडसर पानांचा हिरवागार झुबका, मधूनमधून बारकी फळं. बांडगूळ! आणि तो ते खाली फेकायच्या बेतात होता.

"थांबा! टाकू नका! भुईला लागू देऊ नका ते!"

आता बांडगूळ ही काय चीज आहे हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. दुसऱ्याच्या फांदीत मुळी खुपसायची आणि फुकट जगायचं, हा त्याचा धंदा. शेतकरी ते कापतो, बांधावर भिरकावतो आणि वर दोन शिव्या हासडतो. ते भुईला लागू नये म्हणून आजवर कुणी जीव टाकला नव्हता. पण मोहिनीने खांद्यावरची ओढणी काढली, दोन्ही हातांनी ताणून धरली आणि म्हणाली, "हं, टाका आता. हळू!"

वरचा माणूस क्षणभर बघतच राहिला. मग तो हसला, आणि त्याने झुबका सोडला. मोहिनीने तो अलगद झेलला.

"अजून एक हाय," वरून आवाज.

"टाका ना मग. वाट कशाची पाहून राहिले?"

"वाट न्हाई... मॅडम झेलतात कशा, ते पाहून राहिलो."

तो उतरला तेव्हा पहिल्यांदा तिने त्याचा चेहरा नीट पाहिला. केसांत वाळकी पानं, कोपरावर खरचटलेलं, आणि डाव्या गालावर खळी. ती खळी तिने कुठंतरी पाहिली होती...

"सोमेश्वर?"

"मोहिनी?"

आणि दोघंही एक-एक पाऊल मागे सरले.

त्याचं कारण असं. सोमेश्वरचे आजोबा नामाजी आणि मोहिनीचे वडील संतराम यांची शेतं लागून. बांधावर दोन्ही घरांच्या वाडवडिलांनी मिळून लावलेला हा आंबा. फळालाच काय, काटकीलाही शेपूचा वास, म्हणून शेप्या. आंबे उतरले की टोपल्या अर्ध्या-अर्ध्या, आणि पहिला आमरस एकाच पंगतीत. मोहिनी लहानपणी नामाजीआबांच्या खांद्यावर बसून कैऱ्या तोडायची. मग एका वर्षी नामाजींनी बांडगूळ धरलेली एक फांदी कापली. कापली ती योग्यच, पण ती होती संतरामच्या बाजूची, मोहोराने लगडलेली. संतराम म्हणाले, "विचारायचं तरी होतं." नामाजी म्हणाले, "तुला काय कळतं बांडगुळातलं?" झालं! शब्दाला शब्द लागला आणि बोलणं तुटलं ते तुटलंच. वर दोघांनी आपापल्या घरात एकच फर्मान काढलं, की यापुढे झाडाला कुणीच हात लावायचा नाही. एकमेकांशी न बोलता त्यांचं एवढं एकमत कसं झालं, देव जाणे! तेव्हापासून बांडगूळ दिवसाढवळ्या शेप्याला खात होतं, आणि दोघं आपापल्या बाजूने ते बघत होते. सुंभ जळाला तरी पीळ काही जाईना.

मोहिनी त्यानंतर शिकायला नांदेडला गेली, सोमेश्वर शेतीचं शिकायला परभणीला. तो पुढे नाशिककडच्या एका रोपवाटिकेत राहिला आणि दिवाळीलाच परत आला होता.

"मोहोर यायच्या आत सगळं काढलं तर झाड वाचतं," तो हळू आवाजात म्हणाला. "न्हाई तर अजून दोन हंगाम, मग सरपण. आबाला न सांगता आलो. तुमी... सांगणार का घरी?"

"सांगत न्हाई. पर एक अट हाय. हे सगळं बांडगूळ माझं."

"घ्या ना! पर काहून?"

झालं, मोहिनीची गाडी सुटली! ती गावातल्या इंग्लिश मिडियमच्या शाळेत शिकवत होती. शाळेत नाताळचा कार्यक्रम होता. डायरेक्टर सरांनी नांदेडहून प्लास्टिकचं झाड आणलं आणि तिला पाच मिनिटं माहिती सांगायचं काम दिलं. तिने वाचायला घेतलं आणि ती वेडीच झाली. दिवे, जाळ, हिरव्या फांद्या घरात आणायची चाल येशूच्या जन्माच्याही आधीची! तिकडच्या थंड मुलखात डिसेंबरात दिवस एवढासा होतो, झाडं उघडी पडतात, सूर्य मरतो की काय अशी धास्ती वाटते. म्हणून तिथले जुने लोक हिरवं राहणारं काहीबाही घरात आणायचे, जाळ करायचे, पोटभर खायचे. रोममध्ये तर त्या दिवसांत मालक नोकराला वाढायचा!

"मग पुढं येशूचा वाढदिवस त्याच दिवसांत करायला लागले, आणि जुन्या चाली नव्या सणात तशाच राहिल्या. कुणी काढून टाकल्या न्हाईत. मला ते इतकं आवडलं ना!"

"आपल्याकडं बी संक्रांतीपासून दिवस तीळतीळ वाढतो," सोमेश्वर म्हणाला.

"तेच तर! आणि बांडगूळ... तिकडचे पुजारी पांढरे कपडे घालून झाडावर चढायचे, सोन्याच्या विळ्याने कापायचे, आणि खाली पांढऱ्या कापडात झेलायचे. भुईला टेकू द्यायचे न्हाईत. सगळं झाड उघडं पडलं तरी बांडगूळ हिरवं, म्हणून ते देवाचं!"

"तिकडचं बांडगूळ आपल्या बांडगुळाचं चुलत हाय," तो विळ्याकडे बघत म्हणाला. "आणि माझा विळा लोखंडाचा हाय. चालंल?"

"चालवून घेऊ."

"मग काय करतात त्याचं?"

"दारावर टांगतात."

"आणि?"

"आणि काय?"

"टांगून त्याच्याखाली काय करतात?"

मोहिनीचे कान एकदम तापले. "त्याच्याखाली... दोन वैरी भेटले तर हत्यार खाली ठेवतात. वैर सोडतात."

"एवढंच?"

"एवढंच!" असं म्हणून ती जी निघाली, ती ओढणीतलं बांडगूळ सावरत थेट स्कूटीवर.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या आधी ती पुन्हा शेतात. बांडगूळ हवं होतं ना शाळेला! सोमेश्वर आधीच वर होता आणि गालातल्या गालात हसत होता.

"मॅडम, मी मोबाईलवर वाचलं."

"काय वाचलं?"

"वैऱ्यांचं लिहेल हाय, बराबर हाय. पर त्याच्याखाली अजून एक गोष्ट लिहेल हाय. पोरगा आणि पोरगी जर त्याच्याखाली भेटले, तर पोरगा तिच्या गालाचा..."

"टाका लवकर, मला शाळेला उशीर होऊन राहिला!"

"टाकतो. पर तुमी लाल काहून झाल्या?"

"थंडीनं!"

"थंडीनं?... बरं. थंडीनं."

रोज सकाळी एवढंच व्हायचं, आणि रोज सकाळी मोहिनी घड्याळाच्या गजराआधी उठायची. तो कापायचा, ती झेलायची. कापलेल्या जागी तो औषधाचा लेप लावायचा, ती खालून "तिकडं राहिलं बघा" म्हणून उगाच दाखवायची. एकदा त्याने तिला एक इवलासा पक्षी दाखवला. फुलटोचा. हा बांडगुळाची फळं खातो, बी चिकट, ते काही केल्या सुटत नाही, मग तो ते फांदीला पुसतो, आणि तिथंच ते रुजतं.

"बिचाऱ्याला ठाऊक बी नसतं, काय पेरून राहिलो ते," सोमेश्वर म्हणाला, आणि तिच्याकडे बघतच राहिला. बघणं संपेना, तेव्हा मोहिनीने ओढणी झटकायचं निमित्त केलं. ओढणी तशीही झटकून साफ होत नव्हती.

"मोहिने," एक दिवस द्वारकाबाई, तिची माय, ओढणी धुताना म्हणाली, "हे चिकट बी कशाचं गं? शाळेत झाडावर शिकवतेस काय?"

"कार्यक्रमाचं सामान हाय, माय."

"व्हय का? सामानाला खळी पडते का गालावर?" द्वारकाबाईने ओढणी पिळली आणि दोरीवर टाकली. मोहिनीला हसू फुटलं, ते लपवायला ती घरात पळाली.

आणि नेमक्या त्याच दिवशी संतरामने जेवताना सांगितलं की नांदेडचे पाहुणे नाताळ झाला की पहिल्याच रविवारी बघायला येणार. मुलगा बँकेत आहे, घर स्वतःचं आहे, बोलणी जवळपास झाल्यातच जमा आहे. मोहिनीने अर्धी भाकरी ताटात ठेवून हात धुतला.

सकाळी तिने झाडाखाली उभं राहून सोमेश्वरला सगळं सांगितलं. आज ओढणी खांद्यावरच होती. तो झाडावरून उतरला आणि त्याने विळा खाली ठेवला.

"तुला जायचं हाय नांदेडला?"

पहिल्यांदाच तो तिला 'तू' म्हणाला होता.

"न्हाई."

"मग... इथं राहायचं हाय?"

"विचारायला किती दिवस लावले," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. "व्हय. इथंच राहायचं हाय. तुझ्याजवळ."

सोमेश्वरने तिचा हात धरला. हाताला चीक लागलेला होता, तिच्याही आणि त्याच्याही, त्यामुळे सोडवायला जरा वेळच लागला. त्याची कुणाला तकलीफ झाली नाही.

पण पुढे काय? मागणी घालायची तर नामाजीआबांनी संतरामच्या दारात जायला हवं, आणि आबा त्या गल्लीतूनही जात नव्हते. संतराम तर वाटेत आबा दिसले की रस्ता बदलायचे. जी दोन माणसं 'राम राम'सुद्धा म्हणत नाहीत, ती सोयरीक कशी बोलणार? आणि रविवार तर उंबऱ्याशी येऊन ठेपला होता.

"कार्यक्रमाला दोघंबी येणार," मोहिनी एकदम म्हणाली. तिचे डोळे चमकायला लागले. "बाबा माझ्यासाठी, आणि आबा तुझ्या पुतणीसाठी. दिपा नाटकात मेंढरू झाली ना! मी बांडगूळ हॉलच्या दारावर टांगते. आणि भाषणात वैर सोडायचं सांगते. सगळ्यांसमोर!"

"मोहिने, दोन हट्टी म्हातारे हायत ते. युरोपातले सरदार न्हाईत."

"पाहू तर खरं!"

कार्यक्रमाच्या दिवशी हॉल खचाखच भरला. स्टेजवर गोठा, गोठ्यात बाळ, बाळाभोवती कापूस चिकटवलेली पोरं मेंढरं होऊन खाजवत बसलेली. दारावर लाल रिबिनीत बांडगुळाचा हा मोठा झुबका, आंब्याच्या काटकीसकट. संतराम पुढच्या रांगेत छाती काढून बसले होते, शेजारी द्वारकाबाई. नामाजी अगदी दाराशी, काठीवर हनुवटी टेकवून. आणि सोमेश्वर भिंतीला टेकून, चेहरा पांढराफटक.

मोहिनीने माईक हातात घेतला आणि भीती कुठल्या कुठे पळाली. लहान झालेला दिवस, हिरव्या फांद्या, नोकराला वाढणारा मालक... लोक ऐकत राहिले. "आणि दारावर टांगेल ते पाहा," ती म्हणाली. "तिकडं म्हणतात, याच्याखाली दोन वैरी भेटले तर त्या दिवशी भांडायचं न्हाई."

सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. नामाजी उठले. त्यांनी काठीने टांगलेला झुबका जवळ ओढला, त्यातली काटकी मोडली, नाकाशी धरली.

"हे शेप्याचं हाय," ते म्हणाले.

संतराम ताडकन उठले आणि दाराशी गेले. त्यांनीही काटकी हिसकून वास घेतला. "कोणी तोडलं? कोणी हात लावला माझ्या झाडाला?"

"मला काय विचारतो? तुझ्याच लेकीच्या शाळेत टांगेल हाय!"

"माझी लेक झाडावर चढत न्हाई. विचारल्याबिगर चढायची खोड तुमच्या घरात हाय!"

घ्या! बरोब्बर बांडगुळाखाली उभं राहून दोघं तावातावाने भांडत होते. मोहिनीचा सगळा बेत मातीत गेला. पण एक गोष्ट तिच्याही आधी तिच्या मायच्या ध्यानात आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते एकमेकांशी बोलत होते. भांडत का असेनात, पण बोलत तर होते!

"मी चढलो, काका," सोमेश्वर पुढे आला. "आबाला बी ठाऊक न्हाई."

"कोणाला विचारून चढलास?"

"मला विचारून, बाबा."

हा आवाज चारी स्पीकरमधून आला. मोहिनीच्या हातातला माईक चालू होता, आणि तिला त्याचं भान नव्हतं.

"मी खाली ओढणी धरून उभी होते. रोज. झाड मरून राहिलं होतं बाबा, आणि तुमी दोघं नुसते बघून राहिले होते. तुमाला राग आला तर मला मारा. पर मला नांदेडचे पावणे नको. मला हाच पाहिजे. मला सोमेश्वर पाहिजे!"

सगळ्यांच्या माना आता दाराकडून तिच्याकडे वळल्या. मग तिने हातातल्या माईककडे पाहिलं, आणि "अगं माय!" म्हणाली. तेही स्पीकरमधूनच ऐकू आलं. स्टेजवरच्या मेंढरांना वाटलं कार्यक्रम संपला. त्यांनी जोरजोरात टाळ्या वाजवल्या.

संतरामने टोपी नीट केली आणि ते कुणाकडेही न बघता बाहेर निघून गेले. घरी येऊन ते तोंडावर पांघरूण घेऊन निजले. ताट तसंच राहिलं. मोहिनी रडून रडून झोपी गेली.

सकाळी ती उठली तेव्हा बाबांची खाट रिकामी होती.

"शेतात गेले," द्वारकाबाई चुलीपुढून म्हणाली. "विळा घेऊन."

"विळा घेऊन?"

मोहिनी चप्पल न घालताच धावली. स्कूटी सुरू होईना, तर तशीच पळत सुटली. सोमेश्वर रोजच्यासारखा झाडावर असणार, आणि बाबा विळा घेऊन... तिच्या डोळ्यांपुढे नको नको ते यायला लागलं. हळदीच्या शेतातून वाट कापत, धापा टाकत ती बांधावर पोचली.

सोमेश्वर वरच्या शेंड्याला होता. त्याच्या हातात बाबांचा विळा होता. आणि खाली नामाजीआबांचं पांढरं धोतर ताणून धरलेलं, एक टोक आबांच्या हातात, दुसरं बाबांच्या.

"ताण ना जरा, संतराम! झोळी पडून राहिली!"

"तुमीच ढिलं सोडलंय, काका. माझ्याकडं बराबर हाय!"

मोहिनीला आधी काही समजेचना. मग बाबांनी तिच्याकडे न बघता सांगितलं, घसा खाकरत, झाडालाच सांगितल्यागत. ते पहाटे झाड बघायला आले. म्हटलं काय सत्यानाश केला ते तर पाहू. तर कापलेल्या जागी लेप, आणि फांदी-फांदीला नवी तांबूस पालवी. फांद्या पोराने बराबर कापल्या होत्या. तेवढ्यात नातवामागोमाग काका आले, बांडगूळ झेलायला हातात धुतलेलं धोतर घेऊन; दुसरं टोक धरायला माणूस नव्हता, तर ते बाबांनी धरलं.

"मी तवाबी बराबरच कापली होती," नामाजी म्हणाले.

"व्हय. पर विचारलं न्हाई."

नामाजींनी धोतराचं टोक मनगटाला गुंडाळलं. मग म्हणाले, "चुकलं माझं. आता विचारतो. संतराम, तुझी पोरगी माझ्या नातवाला देतोस का?"

वर फांदी करकरली. सोमेश्वरने खोड दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं.

संतरामने वर झाडाकडे पाहिलं, मग लेकीकडे. धोतराचं टोक मात्र त्यांनी सोडलं नाही.

"मोहिने," शेवटी ते म्हणाले, "माझ्या खिशातला फोन काढ. नांदेडवाल्यांचा नंबर लाव. माझे हात मोकळे न्हाईत."

तिने नंबर लावला आणि फोन बाबांच्या कानाशी धरला. बाबा नेहमीप्रमाणे चार शेतांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलायला लागले.

"हॅलो, पावणे! राम राम! रविवारी येऊ नका बरं... न्हाई न्हाई, सगळे खुशाल हायत. पोरगी दिली आमची... व्हय, आत्ताच! लांब कुठं हो, बांधापलीकडंच!... मोहिने, फोन सरळ धर ना गं, किती हलवून राहिली, काही ऐकू येईना मला!"